सीईटीत मार्क जास्त, पर्सेंटाइल कमी. हे होतं कसं?

सचिन_उदगीर

नमस्कार मंडळी. निकाल लागल्यापासून घरात एकाच गोष्टीवर चर्चा चालू आहे, म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

माझी मुलगी आणि माझ्या बहिणीचा मुलगा, दोघांनीही यंदा पीसीएम ग्रुपची एमएचटी-सीईटी (इंजिनीअरिंग प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा) दिली. मुलीचा नंबर सकाळच्या शिफ्टला लागला होता, भाच्याचा दुसऱ्या दिवशी दुपारच्या. लॉगिनला आन्सर की आणि रिस्पॉन्स शीट आली तेव्हा दोघांना शेजारी बसवून मी स्वतः एकेक प्रश्न टिक करत मार्क मोजले. हिशेब सोपाच आहे. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० एकेक मार्काचे, एकूण २००, निगेटिव्ह मार्किंग नाही. मुलीचे झाले १३२, भाच्याचे १२४.

निकाल आला तर मुलीला ९५.०४ आणि भाच्याला ९६.५१. (पुढचे आकडे लिहीत नाही, दशांशानंतर सात आकडे आहेत.) आठ मार्क जास्त असून दीड पर्सेंटाइलनं मागे!

दुसरं कोडं मुलीच्या स्कोअरकार्डातच आहे. गणित ९३.८, फिजिक्स ९४.६, केमिस्ट्री ९२.९. तिन्ही विषय ९५ च्या खाली, मग एकूण ९५ च्या वर कसे गेले? सरासरी काढली तर ९३.८ च्या आसपास यायला हवी ना?

क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, "सोपी शिफ्ट पडली, नशीब म्हणायचं." निकालापासून मुलगी गप्प गप्प आहे. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलेल्या पोरीला 'नशीब' हे उत्तर द्यायला माझी जीभ रेटत नाही. खरं उत्तर असेल ते कडू असलं तरी चालेल.

---

अभिजित_सेकंडइयर

काका, मार्क विसरा आता. कॅप राउंडला (म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेरीला) मार्क कुठेच विचारत नाहीत, स्कोअरकार्डावरही नसतात. पर्सेंटाइलवरून मेरिट नंबर लागतो आणि मेरिट नंबरवरून कॉलेज. आमच्या हॉस्टेलमध्ये ११८ वाला आणि १३५ वाला एकाच वर्गात आहेत, शिफ्ट वेगळ्या होत्या. दीदीला सांगा, फॉर्म नीट भरायचा, पसंतीक्रम नीट लावायचा. ९५ ला चांगली कॉलेजं मिळतात.

---

शुभदा_कराड

सचिनदादा, मी कराडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन पालक येतात. 'नशीब' हे उत्तर अर्धवट आहे, आणि ज्या अर्ध्या भागात नशीब आहे तो भाग क्लासवाले समजतात तो नव्हेच. म्हणून नीट लिहिते.

आधी सूत्र. सीईटी असो की जेईई मेन, शिफ्टच्या पर्सेंटाइलचा हिशेब एकच आहे: तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क पडलेली मुलं किती, त्याला शिफ्टमध्ये हजर असलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. संपलं. पेपर किती अवघड होता हे या सूत्रात कुठेही मोजलेलं नाही. कोणी तज्ज्ञ बसून "सोमवारचा पेपर तीन मार्कांनी अवघड" असं ठरवत नाही.

आता तुमच्या घरातले दोघं घेऊ. मुलांची संख्या मी सोयीसाठी धरते. समजा दोन्ही शिफ्टला तीस-तीस हजार मुलं होती. मुलीच्या शिफ्टचा पेपर सोपा होता, त्यामुळे १३२ च्या वर दीड हजार मुलं गेली. उरली २८,५००. भागिले ३०,०००, म्हणजे ९५. भाच्याचा पेपर अवघड, तिथे १२४ च्या वर फक्त १,०५० मुलं पोहोचली. उरली २८,९५०, म्हणजे ९६.५. मार्क आठने कमी, पण त्याच्या पुढे साडेचारशे मुलंही कमी. तुमचे दोन आकडे असेच आलेत.

म्हणून दोन वेगळ्या शिफ्टचे मार्क शेजारी ठेवून वजाबाकी करायचीच नाही. १३२ वजा १२४ या आठाला काही अर्थ नाही. तो आकडा दोन वेगळ्या पेपरांतून आला आहे.

हे न्याय्य कधी ठरतं? एकाच गोष्टीवर सगळं उभं आहे: दोन्ही शिफ्टमधली मुलं एकूण सारख्याच तयारीची असली पाहिजेत. हुशार, मध्यम, कच्ची यांचं मिश्रण दोन्हीकडे सारखं. शिफ्टचं वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कोणताही कल न ठेवता झालं आणि मुलं हजारोंनी असली, तर हे गृहीतक चांगलं टिकतं. किती चांगलं, याचा हिशेब करता येतो. तीस हजारांच्या शिफ्टमध्ये ९५ पर्सेंटाइलच्या जवळ निव्वळ वाटपाच्या योगायोगानं येणारी प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा सहज जेवढा इकडे-तिकडे होऊ शकतो त्याचं माप, साधारण ०.१३ आहे. (०.९५ गुणिले ०.०५, भागिले ३०,०००, त्याचं वर्गमूळ, आणि ते गुणिले १००. कॅल्क्युलेटरवर करून बघा.) दोन शिफ्टची तुलना केली तर ती ०.१८ च्या आसपास जाते.

म्हणजे वेगळ्या शिफ्टच्या दोन मुलांमध्ये ९५.०४ आणि ९५.१५ एवढाच फरक असेल तर त्याला शास्त्र म्हणून काही वजन नाही. पण तुमच्या दोघांत दीडचा फरक आहे. तो या योगायोगात बसत नाही. भाचा त्याच्या गर्दीत खरोखर थोडा पुढे होता. हे कडू आहे, पण तुम्ही खरं उत्तर मागितलंत.

मग सात दशांश कशासाठी? तीस हजारांत एक मूल म्हणजे ०.००३३ पर्सेंटाइल. त्याच्या पुढचे आकडे भागाकारातून आपोआप उमटतात. ते छापतात कारण यादीत एकाखाली एक नावं लावायची असतात आणि कुठेतरी बरोबरी तोडावी लागते. त्यावरून मुलांच्या हुशारीचा अंदाज बांधू नका.

आता तीन विषयांचं कोडं. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक जण सरासरी काढून रागावतात आणि थांबतात. एकूण पर्सेंटाइल हा विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतो. आधी तिन्ही विषयांच्या मार्कांची बेरीज होते, मग त्या बेरजेची रांग लागते. गणितात मुलीच्या पुढे जी सहा टक्के मुलं आहेत, तीच केमिस्ट्रीतही तिच्या पुढे आहेत असं नाही. एखादा गणितात ९० काढतो आणि केमिस्ट्रीत २२ वर अडकतो. एखादी फिजिक्सला झकास, गणिताला सामान्य. बेरीज केली की ही मंडळी मागे पडतात आणि तिन्हीकडे टिकून राहिलेली मुलगी पुढे सरकते. तिन्ही विषयांत ९३-९४ आणि एकूण ९५ याचा अर्थ तुमची मुलगी एकाही विषयात लंगडी नाही. हे तिला जरूर सांगा. मी तिची शिक्षिका असते तर निकालाच्या दिवशी हेच पहिलं सांगितलं असतं.

राहिलं नशीब. ते शिफ्टपेक्षा दुसरीकडे जास्त असतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून वेळ संपत आली की सगळीच मुलं उरलेले प्रश्न अंदाजानं टिक करून टाकतात. समजा गणिताचे १२ प्रश्न अंदाजानं टिक केले. चार पर्याय, म्हणजे सरासरी ३ बरोबर यायचे. पण प्रत्यक्षात कोणाचा १ येतो, कोणाचे ५ येतात. इथे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणारा नेहमीचा फरक, दीड प्रश्नांचं, म्हणजे ३ मार्कांचं आहे. तुमच्या मुलीच्या मार्कांच्या आसपास एका मार्कावर साठेक मुलं असतील तर ३ मार्क म्हणजे १८० मुलं, म्हणजे ०.६ पर्सेंटाइल. शिफ्टच्या वाटपातल्या योगायोगाच्या चौपटीहून जास्त. शिफ्टवर सगळे भांडतात, पण शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजानं टिक केलेल्या उत्तरांबद्दल कोणी बोलत नाही.

---

प्रज्ञा_नाशिक

शुभदाताई, खूप छान समजावलंत. एक शंका. २०२५ ला २७ एप्रिलच्या एका शिफ्टमध्ये गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते आणि त्या मुलांची ५ मे ला फेरपरीक्षा झाली. तेव्हा सगळे म्हणत होते की त्यांना आठवडाभर जास्त मिळाला, त्यांचा फायदा. तुमच्या हिशेबात हे कुठे बसतं?

---

शुभदा_कराड

प्रज्ञा, चांगली शंका आहे. पर्सेंटाइल शिफ्टच्या आतच निघतो. जादा आठवडा त्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच मिळाला. सगळ्यांचे मार्क वाढले तरी रांग तशीच राहते, त्यामुळे त्या शिफ्टला मिळून काही फायदा होत नाही. फायदा-तोटा आपसात होतो: ज्यानं आठवडा वापरला तो, ज्यानं वापरला नाही त्याच्या पुढे जातो.

खरी अडचण गर्दी बदलली तर येते. पहिल्या वेळी बसलेली काही मुलं फेरपरीक्षेला आलीच नाहीत, आणि न येणारी बहुतेक कच्च्या तयारीची असली, तर उरलेली गर्दी सरासरीपेक्षा बळकट होते. मग तिथे ९५ मिळवणं इतर शिफ्टपेक्षा अवघड जातं, म्हणजे जादा आठवडा मिळूनही उलटा तोटाच.

हाच मुद्दा जेईई मेनच्या जानेवारी आणि एप्रिल सत्रांना लागू होतो. एका सत्रातल्या शिफ्टमध्ये मुलं वाटून बसतात, ते ठीक. पण एप्रिलला पुन्हा कोण बसतं हे मुलं स्वतः ठरवतात. जानेवारीत ९९.९ आलेला घरी बसला किंवा जेईई ॲडव्हान्स्डच्या (आयआयटी प्रवेशाच्या पुढच्या परीक्षेच्या) तयारीला लागला, नव्वदवाला बारावीची बोर्डाची परीक्षा देऊन पुन्हा आला. ही दोन गर्दी एकसारखी आहेत असं हिशेबात धरलं जातं आणि दोन्हींतला चांगला स्कोअर घेतात. परीक्षा वर्षातून दोनदा व्हावी, मुलांवरचा ताण कमी व्हावा, हे मला मनापासून पटतं. पण दोन्ही वेळचे पर्सेंटाइल एकाच किमतीचे आहेत हे सिद्ध केलेलं नाही, ते फक्त धरून चाललेलं आहे. फरक सांगितला पाहिजे.

---

स्पर्धक_परभणी

मॅडम, आमच्या अभ्यासिकेत यावरून रोज वाद होतो. २०२३ च्या तलाठी भरतीत पन्नासच्या वर शिफ्ट होत्या. निकाल आला तेव्हा २०० पैकी २१४ गुण अशी नावं यादीत दिसली आणि राज्यभर गदारोळ झाला. मी त्या परीक्षेला नव्हतो, पण पुढच्या भरतीला बसणार आहे. एकूण मार्कांपेक्षा जास्त मार्क पडूच कसे शकतात? पर्सेंटाइल तर १०० च्या पुढे जात नाही ना?

---

शुभदा_कराड

भाऊ, नाही जात, कारण पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. पण सगळ्या परीक्षा रांग वापरत नाहीत. काही ठिकाणी अवघड शिफ्टचे मार्क एका सूत्रानं ओढून सगळ्यांच्या एकत्र मोजपट्टीवर आणतात. अशी सूत्रं २०० च्या रेषेवर आपोआप थांबत नाहीत.

गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेचं सूत्र अनेक वर्षं उघडपणे छापलेलं आहे, म्हणून तेच उदाहरणाला घेते. त्यात प्रत्येक शिफ्टचे दोन खुंटे असतात. एक खालचा: त्या शिफ्टची सरासरी अधिक प्रमाण विचलन. एक वरचा: त्या शिफ्टमधल्या सगळ्यात पुढच्या ०.१ टक्का मुलांची सरासरी. हेच दोन खुंटे सगळ्या शिफ्ट एकत्र धरूनही काढतात. मग तुमच्या शिफ्टच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ताणून किंवा आवळून एकत्र खुंट्यांमधल्या अंतराएवढं करतात.

आकडे घालते, हे माझे आहेत, कोणत्या खऱ्या परीक्षेचे नाहीत. पेपर २०० चा. सगळ्या शिफ्ट मिळून खालचा खुंटा १२०, वरचा १९०. तुमची शिफ्ट अवघड गेली, तिथे खालचा १०४, वरचा १६८. म्हणजे तिकडे ७० चं अंतर, तुमच्याकडे ६४ चं. ७० भागिले ६४ म्हणजे १.०९. तुमचा एक मार्क आता १.०९ चा झाला. तुमच्या शिफ्टमध्ये कोणी १८० काढले. १०४ च्या वर ७६ मार्क. ७६ गुणिले ७०, भागिले ६४, आले ८३.१. त्यात १२० मिळवा: २०३.१. दोनशेच्या पेपरात दोनशे तीन!

यात कोणी कोणाच्या पदरात मार्क टाकलेले नाहीत. वरचा खुंटा पहिल्या पंधरा-वीस मुलांच्या सरासरीचा, आणि हा मुलगा त्या सरासरीच्याही १२ मार्क पुढे होता. सूत्र त्याला त्याच वेगानं पुढे घेऊन गेलं. दोनशेच्या पुढचा आकडा म्हणजे 'मार्क' नव्हेतच, मोजपट्टीवरची खूण आहे.

तरीही लोकांचा राग मला चुकीचा वाटत नाही. सूत्र आधी सोप्या मराठीत, असल्या एखाद्या उदाहरणासकट, जाहिरातीतच दिलं असतं, आणि निकालाला 'गुण' न म्हणता दुसरं नाव देऊन ० ते १,००० सारख्या वेगळ्या पट्टीवर छापलं असतं, तर निम्मा गोंधळ झालाच नसता. गेट तसंच करतं, तिथे अंतिम स्कोअर हजारांच्या पट्टीवर असतो. ज्या पोरांनी अभ्यासिकेत वर्षं घातली आहेत त्यांना आपले मार्क कसे ठरले हे समजायलाच हवं.

आणि आणखी एक. लाखो उमेदवार पन्नासच्या वर शिफ्टमध्ये विभागले की प्रत्येक शिफ्टची गर्दी लहान होते. पहिले ०.१ टक्का म्हणजे मोजकी डोकी. त्या मोजक्यांत एकदोन असामान्य मुलं आली किंवा आली नाहीत, की वरचा खुंटा हलतो आणि त्या शिफ्टमधल्या सगळ्यांच्या मार्कांचं ताणणं बदलतं. शिफ्ट जितक्या जास्त तितकं सूत्र डळमळीत. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२४ ला प्रयागराजला विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते याच मुद्द्यावर, आणि तिथल्या आयोगाला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एका दिवसात घ्यायचं मान्य करावं लागलं. डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या 'नीट पीजी' परीक्षेचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं ३० मे २०२५ ला सांगितलं की परीक्षा एकाच शिफ्टमध्ये घ्या, आणि ती तशी ३ ऑगस्टला झाली.

---

मेघना_न्यूजर्सी

हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या मुलानं यंदा इथे अमेरिकेत एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) दिली. इथे मुलं म्हणतात "डिसेंबरची तारीख घेऊ नकोस, हुशार मुलं तेव्हा बसतात, कर्व्ह वाईट लागतो." पण शाळेतल्या काउन्सेलर म्हणतात असं काही नसतं. सीईटीच्या हिशेबानं तर गर्दीवरच सगळं अवलंबून आहे. मग खरं काय?

---

शुभदा_कराड

मेघना, काउन्सेलर बरोबर सांगतायत. एसएटीचा हिशेब मुळातच वेगळा आहे.

सीईटीत तुलनेचा गट दर शिफ्टला नवा: त्या दिवशी तुमच्यासोबत बसलेली मुलं. एसएटीनं १९४१ साली एक गट ठरवला, त्याची सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन १०० धरलं, आणि नंतरचा प्रत्येक पेपर त्या मोजपट्टीला साखळीनं जोडत नेला. म्हणून मधल्या काळात सरासरी घसरली तेव्हा ती घसरलेली दिसलीसुद्धा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भाषेची सरासरी ४२५ च्या आसपास आणि गणिताची ४७५ ते ४८० च्या दरम्यान आली होती. १९९५ ला त्यांनी नवा गट घेऊन पट्टी पुन्हा ५०० वर आणली. सीईटीत असं काही दिसणं शक्यच नाही. सगळ्या महाराष्ट्राची मुलं उद्या दुप्पट हुशार झाली तरी निम्मी ५० च्या खालीच राहणार.

साखळी जोडतात कशी? जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या पेपरांमध्ये काही प्रश्न सामाईक ठेवत. समजा २० प्रश्न दोन्हीकडे तेच. पहिल्या गटानं त्यांत सरासरी १२ बरोबर सोडवले, दुसऱ्यानंही १२. म्हणजे गट सारखे. पण पूर्ण पेपरात पहिल्याची सरासरी ६० आणि दुसऱ्याची ५५. मग हा ५ चा फरक मुलांचा नाही, पेपरचा आहे, आणि दुसऱ्या पेपरच्या मुलांना तेवढं समायोजन मिळतं. उलट सामाईक प्रश्नांतच दुसरा गट मागे असेल तर तो फरक मुलांचा म्हणून तसाच ठेवतात. आता डिजिटल एसएटीत प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधीच मोजलेली असते, मूल पहिला टप्पा कसा सोडवतं त्यावर दुसऱ्या टप्प्याचे प्रश्न ठरतात, आणि स्कोअर त्या मोजमापावरून निघतो. शेजारी कोण बसलंय याचा संबंध नाही. मुलाला त्याच्या सोयीची तारीख घेऊ द्या.

---

सचिन_उदगीर

शुभदाताई, मग आपल्याकडे सामाईक प्रश्नांची पद्धत का नाही आणत? ऐकायला तर ती जास्त बरोबर वाटते.

---

शुभदा_कराड

दादा, शास्त्र म्हणून ती जास्त बरोबर आहेच. पण ती गुप्ततेवर चालते. सामाईक प्रश्न एकदा फुटला की त्याचा उपयोग शून्य, उलट नुकसान; दुसऱ्या शिफ्टची मुलं तो पाठ करून येतात आणि हुशार ठरतात. आपल्याकडे प्रत्येक मुलाला त्याची रिस्पॉन्स शीट मिळते, आन्सर की मिळते, हरकत घेता येते. सकाळच्या शिफ्टची मुलं बाहेर आली की गेटवरच क्लासवाले प्रश्न लिहून घेतात, दुपारपर्यंत ते फोनवर फिरत असतात. अशा ठिकाणी सामाईक प्रश्न टिकणार नाही.

आणि मला विचाराल तर रिस्पॉन्स शीट मिळण्याचा हक्क सोडून मला ही सामाईक प्रश्नांची पद्धत नको. तुम्ही मुलीच्या शेजारी बसून मार्क मोजू शकलात ते त्या हक्कामुळे. २७ एप्रिलची चूक उघडी पडली तीही मुलांनी आपला पेपर डोळे उघडे ठेवून पाहिला म्हणून.

मला पाहिजे ते यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. प्रत्येक शिफ्टला किती मुलं होती, किती गैरहजर, आणि प्रत्येक मार्कावर किती मुलं, एवढा तक्ता निकालासोबत जाहीर करा. शिफ्टचं वाटप कोणत्या पद्धतीनं केलं ते लिहा. जिल्हा, बोर्ड, मुलगे-मुली यांचं प्रमाण शिफ्टनिहाय दाखवा. ते सगळीकडे सारखं निघालं तर कोणाच्या मनात शंका उरणार नाही. कुठे वेगळं निघालं तर पुढच्या वर्षी वाटप सुधारता येईल. यात कोणाचं नाव नाही, खाजगी काही नाही. पर्सेंटाइल काढताना हे आकडे तयार असतातच.

गर्दी सारखी नसताना नुसतं सूत्र लावलं की काय होतं, हे आपल्या राज्यानं पाहिलेलं आहे. २००८ ला अकरावीच्या प्रवेशासाठी एसएससी आणि इतर बोर्डांचे मार्क एका पातळीवर आणायचं सूत्र सरकारनं काढलं होतं. ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. बोर्ड कोणी चिठ्ठी टाकून निवडत नाही. कोणतं मूल कोणत्या बोर्डात जातं हे घर, गाव, फी यांवर ठरतं, त्यामुळे दोन बोर्डांची गर्दी सारखी धरताच येत नाही. सीईटीच्या शिफ्टचं तसं नाही, म्हणून तिथला पर्सेंटाइल मी मानते.

---

सचिन_उदगीर

ताई, तुमचा पहिला प्रतिसाद मुलीला वाचायला दिला. तीन विषयांचा भाग तिनं दोनदा वाचला आणि मग कागद घेऊन ते वर्गमूळ स्वतः काढलं, ०.१२६ आलं म्हणाली. आता तिचा स्वतःचा प्रश्न आहे, तोच लिहितो: गेल्या वर्षीचे कटऑफ पर्सेंटाइल आणि यंदाचे पर्सेंटाइल जुळवून पसंतीक्रम लावला तर चालेल का?

---

शुभदा_कराड

०.१२६ बरोबर आहे, मी पुढे ढकलून ०.१३ लिहिलं होतं. तिला शाबासकी द्या.

कटऑफचं असं आहे: पर्सेंटाइलनं अंदाज घेता येतो, पण मेरिट नंबरनं घेतलेला अंदाज जास्त पक्का. तीन लाख मुलं बसली तर ९५ पर्सेंटाइलच्या पुढे १५,००० मुलं. चार लाख बसली तर २०,०००. पर्सेंटाइल तोच, रांगेत पाच हजार जास्त माणसं, आणि जागा त्या प्रमाणात वाढलेल्या नसतात. म्हणून गेल्या वर्षीच्या कॅपच्या याद्यांमध्ये पर्सेंटाइलसोबत जो मेरिट नंबर दिलेला असतो तो बघा. आपला यंदाचा मेरिट नंबर लागला की तो त्याच्याशी ताडून पाहा. आपल्या प्रवर्गाचा, आपल्या विद्यापीठक्षेत्राचा कटऑफ वेगळा बघायचा, आणि पहिल्या राउंडबरोबर शेवटच्या राउंडचाही.

यादीत वरच्या ओळी थोड्या आवाक्याबाहेरच्या ठेवायला हरकत नाही, त्यानं काही बिघडत नाही. मधल्या ओळी आपल्या मेरिट नंबरच्या आसपासच्या. खाली दोन-तीन अशा, जिथे नक्की मिळेल आणि मिळाल्यावर ती आनंदानं जाईल. ज्या कॉलेजात जायचंच नाही ते यादीत घालायचं नाही. मेरिट नंबर आला की प्रवर्ग आणि तिला हव्या असलेल्या शाखा इथेच लिहा, यादी मिळून लावू.